बाईसाहेबांच्या पाण्यात खताचा चहा

गॅलरीतल्या टोमॅटोच्या रोपाची चार पानं पिवळी पडली, एवढंच काय ते निमित्त झालं. शहाण्या माणसानं ती पानं खुडली असती, रोपाला तांब्याभर पाणी घातलं असतं आणि तो पेपर वाचत बसला असता. पण जावईबापूंनी ठरवलं, की या रोपाला आपण खताचा चहा पाजायचा.

(जावईबापू हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव होतं, चांगलं होतं, ऑफिसात टेबलावर त्याची पाटीही होती. पण वर्षापूर्वी सासरे कायमचे राहायला आले आणि त्यांनी ‘जावईबापू’ म्हणून हाका मारायला सुरुवात केली. मग शेजारी, इस्त्रीवाला, वॉचमन, सगळेच तसं म्हणू लागले. त्या हाकेत मान किती आणि चेष्टा किती याचा हिशेब जावईबापूंना अजून लागला नव्हता. आणि विचारायची छाती नव्हती.)

खताच्या चहाची कल्पना ऑफिसातल्या कॅशियरची. त्याच्या गच्चीवर म्हणे टोमॅटो लागतात ते मुठीत मावत नाहीत. कृती त्यानं जेवणाच्या सुट्टीत सांगितली. गांडूळखत कापडात बांधून बादलीभर पाण्यात सोडायचं, दोन चमचे काकवी घालायची आणि पंपानं दीड दिवस त्या पाण्यात हवा सोडत राहायचं. हवा मिळाली की खतातले चांगले जंतू कोटींनी वाढतात. मग ते पाणी झाडांना घालायचं.

“आणि हवा थांबली तर?” जावईबापूंनी विचारलं.

“थांबू द्यायचीच नाही,” कॅशियर म्हणाला. “थांबली की चांगले जंतू मरतात आणि वाईट माजतात. मग असा वास सुटतो की शेजारी घर विकायला काढतात. बाकी काही चुकलं तरी चालेल साहेब, पण हवा बंद पडता कामा नये.”

जावईबापूंनी हे वाक्य चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि चिठ्ठी खिशात ठेवली. लिहून घेतलेली गोष्ट पार पडलीच, असा त्यांचा चोवीस वर्षांच्या नोकरीतला अनुभव होता. निदान फाइलमध्ये तरी ती पार पडलेली असायची.

आता पंप कुठून आणायचा? बाजारात मिळत होता. पण घरात एक पंप रात्रंदिवस चालू असताना दुसरा विकत घेणं जावईबापूंना पटेना. तो चालू पंप होता सासरेबुवांच्या खोलीत, बाईसाहेबांच्या टाकीला.

बाईसाहेब म्हणजे मासा. नारिंगी रंगाची, टपोऱ्या डोळ्यांची, तळहाताएवढी मासोळी. सासूबाईंनी ती आणली, त्यानंतर दोनच महिन्यांत त्या गेल्या. आणताना नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “माझ्यामागे तुमच्याकडे बघून तोंड हलवणारं कुणीतरी हवं. नाहीतर तुम्ही मुके व्हाल.” तेव्हापासून सासरेबुवा रोज सकाळी टाकीसमोर खुर्ची घेऊन बसत, पेपरातल्या बातम्या मोठ्यानं वाचत आणि मधूनमधून बाईसाहेबांचं मत विचारत. जावईबापूंचं मत त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

त्याच सासरेबुवांचा एक डोळा मोतीबिंदूनं पार गढूळ झाला होता, आणि दुसराही त्याच वाटेवर होता. वर्षभर ते सगळ्या जगाला ‘मळकं’ म्हणत होते. पांढरा शर्ट मळका, दूध मळकं, जावईबापूंचा चेहरा तर कायमचाच मळका. शेवटी धाकट्या लेकीनं तिच्या गावी डॉक्टर गाठला, तारीख ठरवली, आणि मंगळवारी सासरेबुवा ऑपरेशनला निघाले. शनिवारी परतायचे होते.

निघताना त्यांनी जावईबापूंना खोलीत बोलावलं.

“जावईबापू, बाईसाहेबांना सकाळी एक चिमूट खाणं. एकच. पाणी बदलायचं नाही. काच पुसायची नाही. आणि हा पंप...” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. पंपाच्या बटणावर त्यांनी स्वतःच्या हातानं चिकटपट्टी लावलेली होती, आडवी दोनदा आणि उभी एकदा. “याला हात लावायचा नाही.”

“बाबा, तुम्ही काही काळजी करू नका.”

“काळजी आहेच,” सासरेबुवा म्हणाले. “पण या घरातल्या लेकीला माशाची शिसारी, आणि तुमच्याशिवाय घरात तिसरं कुणी नाही. तेव्हा तुमच्यावर सोपवतो.”

वाक्य काही फार गौरवाचं नव्हतं. पण जावईबापूंच्या कानांनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. तुमच्यावर सोपवतो! लग्नाला एकोणीस वर्षं झाली, सासऱ्यानं विश्वासानं हातात साधी छत्रीसुद्धा कधी दिली नव्हती. जावईबापूंना खरोखरच भरून आलं. या चार दिवसांत आपण असं काही करून दाखवू की सासरेबुवा आपल्याला नावानं हाक मारतील, असं त्यांना वाटून गेलं. (तसं काही करून दाखवायची गरज नव्हती. काहीही न करणं, एवढंच त्यांच्याकडून अपेक्षित होतं. पण काहीही न करणं फक्त ऑफिसातच जमतं.)

चिकटपट्टीचं कारणही सांगायला हवं. जावईबापू ऑफिसच्या वीजबचत समितीचे अकरा वर्षं प्रमुख होते. समितीत दुसरा सदस्य नव्हता. ‘खोली सोडताना बटण बंद करा’ ही पाटी त्यांनीच ऑफिसातल्या सतरा भिंतींवर लावली, आणि इतरांनी ती वाचली नाही तरी त्यांच्या स्वतःच्या उजव्या हाताला ती पाठ झाली. खोलीतून बाहेर पडताना तो हात आपोआप बोर्डाकडे जाई. बायको मिक्सर लावत असताना यांनी स्वयंपाकघर सोडलं की मिक्सर बंद. पाहुणे घाम पुसत बसलेले असताना पंखा बंद. सासरेबुवा आंघोळीला गेलेले असताना दोनदा न्हाणीघराचा दिवा गेला, तेव्हापासून त्यांनी चिकटपट्टीचं रीळच जवळ बाळगलं.

बुधवारी संध्याकाळी जावईबापू कामाला लागले.

रंगाची रिकामी बादली घासूनपुसून ठेवलेली होती. नळाच्या पाण्यात औषध असतं, त्यानं जंतू मरतात, म्हणून दोन बादल्या पाणी आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवलं होतं. खत बांधायला त्यांनी कपाटातून उशीचा जुना अभ्रा घेतला. (तो जुना नव्हता. त्याचा निकाल पुढे लागला.) आता पंपाची हवा बादलीपर्यंत आणायची. पंपाची नळी जेमतेम दोन हात, त्यामुळे बादली सासरेबुवांच्याच खोलीत ठेवणं भाग पडलं. टाकी होती बुटक्या तिवईवर. तिच्याशेजारचं लिहायचं टेबल उंच होतं. बादली टेबलावर चढली.

नळी मधोमध कापून तिला तीन तोंडांचा प्लास्टिकचा जोड बसवला. एका तोंडातून पंपाची हवा येणार, दुसऱ्यातून ती बाईसाहेबांना जाणार, तिसऱ्यातून बादलीला. कात्री लावताना जावईबापूंचा हात जरा थबकला, कारण ‘हात लावायचा नाही’ हे त्यांना आठवलं. पण बाबांनी पंपाला हात लावू नका म्हटलंय, नळीचं कुठे म्हटलंय, असा त्यांनी नियमाचा अर्थ लावला. अशा अर्थावर त्यांच्या ऑफिसात लोक निवृत्त झालेले होते.

आणि मग त्यांनी ती चूक केली. जगातला कोणताही माणूस अशी नळी बादलीच्या काठावरून आत सोडतो. कॅशियरनंही तशीच सोडली होती. पण जावईबापूंनी चोवीस वर्षं कागदाला भोक पाडून, त्यातून दोरी ओवून, गाठ मारून फाइली लावलेल्या. काठावरून काहीतरी लोंबकळतंय हे त्यांच्या डोळ्यांना खपेना. त्यांनी तापलेल्या खिळ्यानं बादलीला तळाजवळ भोक पाडलं, त्यातून नळी ओवली आणि भोवती डिंकासारखं घट्ट बसणारं लुकण भरलं. मग चार पावलं मागे होऊन त्यांनी ते काम पाहिलं. एक थेंबही गळत नव्हता.

“अगं, बघ तरी येऊन!”

बायको दारातच थांबली. “हे बाबांच्या खोलीत कशाला?”

“दीड दिवसाचा प्रश्न आहे. बाबा शनिवारी येणार, चहा शुक्रवारी सकाळी तयार.”

“बाईसाहेबांना काही होणार नाही ना?”

“उलट! त्यांना सोबत.”

“अहो, पण बादली टाकीच्या वर आहे.”

“मग?”

“मग काही नाही,” बायको म्हणाली. “मला आपलं वाटलं.”

बायकोला आपलं वाटलेलं ऐकलं असतं, तर जावईबापूंच्या आयुष्यातले निम्मे प्रसंग घडलेच नसते.

आता पंप चालू करायचा. तो मात्र चिकटपट्टीच्या बटणावरून चालेना, कारण ते बटण दूर होतं आणि जोड लावल्यावर नळी तिथवर पुरेना. म्हणून पंप उचलून (हात पंपाला लागला, पण बटणाला नाही) टेबलाजवळ आणला आणि दारालगतच्या बोर्डात त्याची पिन लावली. बटण दाबताच बादलीत बुडबुडे उठले. टाकीतही उठले. काकवी पडली, पाणी तपकिरी झालं, अभ्रा फुगून वर आला. सकाळपर्यंत बादलीवर चांगला बोटभर फेस जमला आणि खोलीला ओल्या मातीचा सुरेख वास येऊ लागला. जावईबापूंनी फेसाचा फोटो काढून कॅशियरला पाठवला, बाईसाहेबांना चिमूटभर खाणं घातलं, टाकीकडे बघून “येतो हं” म्हणाले आणि प्रसन्न मनानं ऑफिसला गेले.

संध्याकाळी साडेचारला बायकोचा फोन आला. ती वाचनालयात काम करायची आणि त्यांच्या आधी घरी पोहोचायची.

“अहो, तुम्ही आत्ताच्या आत्ता घरी या.”

“फेस वाढला का?” जावईबापूंनी उत्साहानं विचारलं.

“फेस माझ्या तोंडाला आलाय! बाबांच्या खोलीत घोटाभर चिखल आहे.”

“चिखल? बादली फुटली?”

“बादली छान आहे. बादली रिकामी आहे.”

“मग चहा कुठे गेला?”

मग बायको हळू आवाजात म्हणाली, “बाईसाहेबांकडे.”

जावईबापूंनी रिक्षा केली. ते रिक्षा करतात हीच मुळात ऑफिसात चर्चेची बाब होती.

झालं होतं ते साधंच होतं. पंप चालू होता तोवर त्याची हवा बादलीतलं पाणी मागे रेटत होती. पंप थांबला. रेटणारं कुणी राहिलं नाही. बादली वर, टाकी खाली, आणि भोक तळाला. सगळा चहा त्या देखण्या भोकातून नळीत उतरला, तीन तोंडांच्या जोडापाशी आला, आणि त्याला दोन वाटा मोकळ्या मिळाल्या. थोडा पंपात शिरून पंप कायमचा गार झाला. उरलेला थेंबाथेंबानं दिवसभर टाकीत जात राहिला. टाकी भरली, मग वाहिली, आणि जमिनीवर सासरेबुवांच्या सपाता तरंगू लागल्या. वर हवा थांबल्यामुळे कॅशियरचे वाईट जंतू माजायचे ते माजलेच होते. ओल्या मातीचा वास सुरेख असतो, पण ती माती चार दिवसांपूर्वी मेलेल्या उंदरावर टाकलेली नसेल तर.

टाकी मात्र सगळ्यात भयंकर होती. काचेच्या चारी बाजूंनी नुसतं तपकिरी. आत बाईसाहेब आहेत की नाहीत, असल्या तर कुठे आहेत, कशा आहेत, काही दिसत नव्हतं.

“आहे का हो?” बायको दाराबाहेरून, नाकाला पदर लावून विचारत होती. “आईनं आणलेली आहे हो ती...”

आपण सासऱ्यांना काय तोंड दाखवायचं, हा विचार नंतरचा. आधी जावईबापूंना दिसली ती टाकीसमोरची रिकामी खुर्ची, आणि त्या खुर्चीत बसून काचेला बातम्या वाचून दाखवणारा म्हातारा. त्यांनी बाह्या वर केल्या आणि त्या घाण पाण्यात कोपरापर्यंत हात घातला. खडे लागले. शेवाळ लागलं. एकदा काहीतरी मऊ लागलं तेव्हा ते ओरडले, पण तो गळून पडलेला लुकणाचा गोळा होता. मग पाण्याच्या अगदी वर, एका कोपऱ्यात, काहीतरी हललं. बाईसाहेब तोंड पाण्याबाहेर काढून हवा शोधत होत्या.

“आहे! आहे गं, तोंड हलवतेय!”

बायकोनं पदर कमरेला खोचला आणि खराटा आणला.

पहिल्या दिवशी भरून ठेवलेल्या दोन बादल्यांतली एक शिल्लक होती, हेच नशीब. बाईसाहेबांना ओंजळीनं उचलून त्या स्वच्छ पाण्यात सोडलं. पण त्या कलंडतच होत्या. त्यांना हवा हवी होती, आणि पंप मेलेला. शोभेच्या माशांच्या दुकानाला गुरुवारची सुट्टी. जावईबापूंनी कॅशियरला फोन लावला.

“पंप नाही,” ते धापा टाकत म्हणाले. “हवा कशी द्यायची?”

कॅशियरनं क्षणभर विचार केला. “नळी आहे ना?”

“आहे.”

“तोंड आहे ना?”

“आहे.”

“मग फुंका!”

तेव्हा जावईबापू जमिनीवर मांडी घालून बसले, नळीचं एक टोक बादलीत सोडलं आणि दुसरं तोंडात धरलं. फूऽऽ. श्वास. फूऽऽ. श्वास. भोवताली बायको चिखल ओढत होती आणि मनात होतं ते सगळं बोलत होती. अभ्रा नवा होता, हे तेव्हाच निष्पन्न झालं. तोंडात नळी असल्यामुळे जावईबापूंना एकही सबब सांगता आली नाही. फक्त भुवया वरखाली करून त्यांनी आपली बाजू मांडली. तास झाला. दोन तास झाले. डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. कान लाल झाले. आणि मग कलंडलेल्या बाईसाहेब सरळ झाल्या, बादलीभर एक गोल फेरी मारून आल्या, आणि त्यांच्या नळीसमोर थांबून तोंड उघडमीट करू लागल्या.

“अगं, बोलतायत माझ्याशी!” जावईबापू नळी बाजूला काढून म्हणाले.

“शिव्या देत असतील,” बायको म्हणाली. पण म्हणता म्हणता तिनं डोळे पुसले.

आता जीव भांड्यात पडल्यावर जावईबापूंमधला जुना अधिकारी जागा झाला. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी शर्टाच्या बाह्या खाली केल्या.

“आता मुख्य प्रश्न. पंप बंद कुणी केला?”

बायको चिखल ओढतच राहिली.

“लाइट गेली नव्हती, मी विजेवरचं घड्याळ पाहिलंय, ते बरोबर चालतंय. पंप बिघडला म्हणावं, तर बटणच बंद आहे. म्हणजे बटण कुणीतरी दाबलंय. सकाळी माझ्यानंतर घराबाहेर कोण पडलं?”

“मी.”

“मग या खोलीत आली होतीस?”

“या खोलीकडे मी बघितलंसुद्धा नाही. मला त्या माशाची शिसारी आहे.”

“हे बघ, कुणाला दोष द्यायचा नाही. पण जबाबदारी निश्चित झाली पाहिजे. असा निष्काळजीपणा या घरात खपवून घेतला जाणार नाही. मी आधी स्वयंपाकघरातला बोर्ड तपासतो,” असं म्हणून जावईबापू तरातरा खोलीबाहेर पडले.

खटकन आवाज झाला आणि खोली अंधारात बुडाली. पंखा घरघरत थांबला.

“झाली का जबाबदारी निश्चित?” बायकोनं अंधारातून विचारलं.

जावईबापू दारात उभे राहून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो अजून बोर्डावरच होता. मग बायकोला हसू फुटलं. हातातला खराटा टाकून ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. शेवटी जावईबापूही हसले, पण त्यांचं हसू ओठांपुरतंच होतं.

शुक्रवारी त्यांनी रजा टाकली. टाकी आदल्या संध्याकाळीच सात पाण्यांनी धुऊन भरून ठेवली होती, म्हणजे पाण्यातलं औषध उडून जायला दिवस मिळाला. खडे घासले, सपाता उन्हात टाकल्या, खोलीत तीन प्रकारच्या उदबत्त्या लावल्या. दुपारी दुकान उघडताच नवा पंप आणला, जुन्याच्या दुप्पट जोराचा. चार वाजता बाईसाहेब आपल्या टाकीत परतल्या. पाणी आरशासारखं होतं. उद्या बाबा येतील, खुर्चीत बसतील आणि त्यांना काही कळणारसुद्धा नाही. बायकोनंही ‘बाबांना कशाला सांगायचं’ असं स्वतःहून म्हटलं होतं. जावईबापूंनी समाधानानं नव्या पंपाचं बटण दाबलं.

खड्यांखाली टाकीच्या तळाला घट्ट बसवलेली एक जाळी असते. त्या जाळीखाली कालचा गाळ बसलेला होता, तो कुणी धुतला नव्हता. नव्या पंपाच्या दुप्पट जोरानं तो सगळाच्या सगळा वर उठला आणि अर्ध्या मिनिटात टाकी फिक्या चहाच्या रंगाची झाली.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

“डॉक्टर खूश झाला, म्हणाला एक दिवस आधी गेलात तरी चालेल,” सासरेबुवा काळा चष्मा लावून दारात उभे होते. त्यांची स्वारी कधी नव्हे ती आनंदात होती. “पण मी अजून काही बघितलेलं नाही बरं का! सकाळी पट्टी काढली तीही अंधाऱ्या खोलीत, आणि लगेच हा काळा चष्मा चढवला, आत डोळा मिटलेलाच. मी धाकटीला सांगितलं, पहिल्यांदा बघीन तर बाईसाहेबांनाच बघीन. आपल्या खोलीत, पडदे ओढून.”

“बाबा, आधी चहा...” बायको बोलायला गेली आणि तो शब्द उच्चारल्याबद्दल तिनंच जीभ चावली.

सासरेबुवा कुणाचं ऐकणारे नव्हते. सरळ खोलीत गेले, पडदे ओढले, खुर्चीत बसले. जावईबापू मागे भिंतीला चिकटून उभे राहिले. सासरेबुवांनी दोन्ही हातांनी चष्मा उतरवला, जुना डोळा तळहातानं झाकला, नवा उघडला आणि टाकीकडे पाहिलं.



“मळकं,” मग ते म्हणाले. “तसंच आहे. मळकंच.” त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. “फसलं ऑपरेशन.”

“हळूहळू येईल बाबा नजर,” जावईबापूंच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“नाही हो. या वयात काय यायचं आता?” सासरेबुवांच्या आवाजात नेहमीची खोच नव्हती. “तिनं आणली तेव्हाच माझ्या डोळ्यात हे सुरू झालं होतं. ती म्हणायची, अहो केवढी नारिंगी आहे बघा. मी हो हो म्हणायचो. मला रंग काही दिसायचा नाही. तेवढा रंग एकदा बघायचा होता. जाऊ दे.”

बायकोनं जावईबापूंकडे पाहिलं. आता गप्प राहिलं तर सगळं निभावणार होतं. उद्यापर्यंत गाळ बसला असता, पाणी निवळलं असतं आणि नजर ‘हळूहळू आली’ असती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मिळालेला विश्वास शाबूत राहिला असता. जावईबापू भिंत सोडून पुढे आले.

“बाबा, डोळा चांगला आहे. पाणीच मळकं आहे.”

“काय?”

“पाणी मी मळवलंय. टोमॅटोसाठी खताचा चहा करत होतो, तो टाकीत उतरला. तुमची नळी मी कापली. पंपही माझ्यामुळेच मेला, हा नवा आहे. बाईसाहेब मरता मरता वाचल्या. तुम्ही माझ्यावर सोपवलं होतंत आणि मी...”

बायकोनं तोवर काचेची बरणी आणली होती. बादलीतलं स्वच्छ पाणी तिच्यात ओतलं आणि, जिनं जन्मात माशाला हात लावला नव्हता तिनं, डोळे मिटून बाईसाहेबांना ओंजळीत घेतलं आणि बरणीत सोडलं. बरणी वडिलांच्या पुढ्यात धरली.

“आता बघा, बाबा.”

सासरेबुवांनी पुन्हा चष्मा काढला. बरणीत बाईसाहेब वळल्या, समोर आल्या आणि त्यांच्याकडे बघून तोंड हलवू लागल्या.

“अरे,” सासरेबुवा पुटपुटले. “अरे, खरंच केवढी नारिंगी आहे.” आणि मग त्या नव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहायला लागलं. डॉक्टरनं डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून बजावलं होतं, त्याची कुणालाच आठवण राहिली नाही.

थोड्या वेळानं बायकोनं नवऱ्याची बाजू घेतली. “बाबा, काल यांनी दोन तास नळीनं फुंकून फुंकून तिला वाचवलं हो. बेशुद्ध पडायचे बाकी होते.”

सासरेबुवांनी मान वळवली आणि नव्या डोळ्यानं जावयाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. सुजलेले ओठ, लाल कान, नखांतलं खत. जावईबापूंनी छाती थोडी पुढे काढली. आता बाबा काहीतरी बोलणार, कदाचित नावानंच हाक मारणार, असं त्यांना वाटलं.

“पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे,” सासरेबुवा लेकीला म्हणाले. “तेव्हाही चार दिवस जावं लागेल. बाईसाहेबांची आता मला मुळीच काळजी नाही. त्या इथं एकट्या मजेत राहतील.”

“एकट्या?” लेकीनं विचारलं. “आणि आम्ही?”

“तू वाचनालयात जा. जावईबापूंना मी बरोबर घेऊन जातो.”